निळ्या डब्यातल्या गोळ्या

विरार,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धनेश,

तुमच्या जहाजाची सॅटेलाइट फोनची तबकडी सिंगापूरला बिघडली आणि तेव्हापासून तू घरी मेल लिहायला लागलास, हे एका परीने बरंच झालं. फोनवर तू "हां, हां, बाकी?" याच्यापुढे कधी गेला नाहीस. आता निदान चार ओळी सलग लिहितोस. मेल दिवसातून एकदाच सुटते आणि एकदाच येते, म्हणजे आज विचारलेल्याचं उत्तर मला परवा मिळणार. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग टपाल काय वायट होता?"

आता मुद्द्याचं. आई गेले आठ दिवस हॉस्पिटलात आहे. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं, कारण समुद्रात बसून नखं खाण्यापलीकडे तू काही करू शकला नसतास. गेल्या महिन्याच्या शेवटी शिंगाळा साफ करताना त्याचा काटा तिच्या अंगठ्यात घुसला. तिने जखमेत हळद भरली, चिंधी बांधली, उरलेला मासा साफ केला, कालवण करून बाबांना वाढलं. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लालबुंद आणि अंगात हुडहुडी भरून ताप. तेव्हा कुठे बाबांनी मला आचोळ्याला फोन केला. मी शाळेतून तशीच रिक्षाने गावात गेले आणि तिला इथे भरती केलं.

हाताचं आता चांगलं आहे. सलाइनमधून जबरदस्त अँटिबायोटिक चालू आहेत, सूज उतरली, मूठ वळते. पण परवापासून भलतंच सुरू झालंय. जुलाब. काल बारा वेळा. नुसतं पाणी, आणि वास असा की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. पोटात कळा येतात, बारीक ताप आहे. डॉक्टर म्हणाले, औषधांमुळे आत काही संसर्ग झालेला असू शकतो. नमुना तपासायला पाठवलाय, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील. तोवर मीठ-साखरेचं पाणी.

तुला आई माहीत आहे. हळदीला पाचशे माणसांचं जेवण पुढे उभं राहून करून घेणारी बाई. उभ्या जन्मात स्वतःचं लुगडं तिने दुसऱ्याला धुवू दिलं नाही. आज रविवार, वॉर्डात मावशी कमी, म्हणून साफ करायला वॉर्डबॉय मामा आले. बिचारे सभ्य होते. आईने पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे मान फिरवली. ते गेल्यावर मला म्हणाली, "तेजू, मरान आला तरी चालंल, पन ह्ये नको." आईला रडताना मी याआधी फक्त आजी गेली तेव्हा पाहिलं होतं.

तू जहाजावरचा डॉक्टर ना? सुट्टीवर आलास की सगळं गाव तुझ्याकडून गोळ्यांची पाकिटं वाचून घेतं. मग सांग काहीतरी.

तुझी
तेजूताई

---

हिंदी महासागर,
१० फेब्रुवारी

ताई,

आठ दिवस लपवलंस याचा राग घरी आल्यावर काढीन.

मी डॉक्टर नाही, सेकंड ऑफिसर आहे, हे गावाला दहा वर्षांत पटलेलं नाही. औषधपेटीची किल्ली सेकंड ऑफिसरकडे असते आणि तिच्यासोबत एक जाडं पुस्तक असतं, एवढंच. पण जुलाबावरचा इलाज मला नक्की माहीत आहे, कारण तो आमच्या धंद्याचाच भाग आहे. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चार तासांचा पहारा असतो. समोर मासेमारीच्या शंभर होड्या असताना मला जरा संडासला जाऊन येतो म्हणता येत नाही. म्हणून आम्ही सगळेच जुलाब बंद करायच्या गोळ्या खिशात ठेवतो. मी आजवर कितीदा घेतल्या असतील, मोजदाद नाही.

गावच्या घरी माझ्या कपाटात निळा पत्र्याचा डबा आहे, त्यात त्याच गोळ्या आहेत. दोन लगेच दे, मग प्रत्येक जुलाबामागे एक. दिवसभरात थांबेल.

वॉर्डात विचारत बसू नकोस. बाहेरचं औषध म्हटलं की सिस्टर नाही म्हणणारच, तिला तिचे कागद सांभाळायचे असतात. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोवर आईने दिवसाला बारा वेळा परक्या माणसापुढे असं पडायचं का? तू लिहिलेलं वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये. सकाळच्या पहाऱ्यावर कॅप्टनने दोनदा विचारलं, लक्ष कुठे आहे म्हणून.

गोळ्या दे. आणि लगेच लिही.

धनेश

---

विरार,
१२ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

जुलाब थांबले. काल दुपारपासून एकदाही नाही. ही जादू कशाची ते तुला वेगळं सांगायला नको.

आज सकाळी तिने स्वतःहून कंगवा मागितला. मी केस विंचरून अंबाडा घालून दिला. मामा बादली घेऊन आले तर त्यांना ऐटीत म्हणाली, "आता तुमचा काय काम नाय हिकडं." बाबांना तर एवढा आनंद झाला की ते खाली जाऊन वॉचमनला चहा पाजून आले. आईने घरी जायचा धोशा लावलाय.

वॉर्डाच्या सिस्टर उर्सुला म्हणून आहेत, नंदाखाल गावच्या. कामाला वाघीण, पण तोंडावर हसू म्हणून नाही. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "किती वेळा झालं?" आई म्हणाली, "एकदापन नाय." मला वाटलं बाई खूश होतील. त्यांनी आईचं पोट दाबून पाहिलं, नाडी धरली, पुन्हा पोटावर हात ठेवला. "हे एवढं कडक कधीपासून आहे?" मी म्हटलं, गॅस असेल, खाल्लं नाही ना दोन दिवस. त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. काही जणांना पेशंट बरा झालेला बघवत नाही बहुतेक.

पोट तट्ट आहे हे खरं. पेजही दोन घोटांवर गेली नाही. पण जुलाबाने एवढं माणूस पिळवटून निघाल्यावर एका दिवसात भूक कुठून येणार? संध्याकाळी पोटाला हिंग लावून बघते. आर्याच्या परीक्षेला पंधरा दिवस राहिलेत आणि तिला तिची आजी बरी झाली यापलीकडे काही दिसत नाहीये. शाळेत वर्गाला मी काय तोंड दाखवू, माझीच लेक अभ्यास करत नाही.

तू शांतपणे पहारा कर.

तेजूताई

---

हिंदी महासागर,
१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. मी वाट न पाहता लिहितोय.

गोळ्या देऊ नकोस. दिल्या असतील तर पुढची देऊ नकोस.

आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी सिप्रियन नंदाखालचा आहे. आज त्याचं पोट बिघडलं म्हणून तो गोळी मागायला आला. गोळी दिली की नोंद करावी लागते, आणि नोंदीत पुस्तकाचा पान नंबर लागतो. दहा वर्षं मी तो पाठ असलेला नंबर टाकत आलो. या वर्षी पुस्तकाची नवीन आवृत्ती आलीय, नंबर बदललेत, म्हणून पान उघडावं लागलं. तिथे चौकटीत लिहिलंय: ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, पोट फुगलं असेल किंवा रुग्णाने नुकतीच अँटिबायोटिक घेतली असतील तर ही गोळी देऊ नये. आतड्यात विष साठून राहतं आणि आतडं निकामी होऊ शकतं.

ताई, तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. अँटिबायोटिक चालू आहेत. बारीक ताप आहे. मी ते वाचलं आणि तरी गोळ्या दे म्हणून लिहिलं.

तिचं पोट कसं आहे ते लिही. गोळ्या दिल्या की नाही ते एका ओळीत लिही. बाकी काही लिहू नकोस.

धनेश

---

विरार,
१४ फेब्रुवारी

धनेश,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. गोळ्या दिल्या नाहीत. बाबांना डबा सापडलाच नाही, तुझ्या कपाटात काय कमी पसारा आहे? मी जादू म्हणाले ती इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीची. तेव्हा ते तू मनातून काढून टाक.

आता बाकीचं. परवा संध्याकाळपासून आई अतिदक्षता विभागात आहे. त्या दुपारी ताप एकशेतीनवर गेला आणि पोट नगाऱ्यासारखं झालं. तिने मला आत्या म्हणून हाक मारली. मी तेजू म्हटल्यावर माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघत राहिली. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती मी लिहू शकत नाही.

रिपोर्ट काल आला. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू. तो हॉस्पिटलात असतो, कुणाकुणाच्या पोटातही गप पडून असतो. हाताच्या जखमेसाठी दिलेल्या औषधाने पोटातले चांगले जंतूही मेले आणि याला रान मोकळं मिळालं. उर्सुला सिस्टरने सांगितलेलं मला नीट कळलं नव्हतं, बाबांना लगेच कळलं. म्हणाले, "म्हंजे शेतात औषध मारला, सगला जलला, न् पयला लव्हाला वर आला." सिस्टर म्हणाल्या, बरोबर तेच. औषध द्यावंच लागणार होतं, नाहीतर हात गेला असता. यात कुणाची चूक नाही असंही म्हणाल्या.

पण मोठं आतडं सुजून ताणलं गेलंय आणि हलायचं थांबलंय. आतलं विष आतच. एक्स-रेमध्ये ते एवढं रुंद दिसतं की मलाही न सांगता कळलं. नाकातून नळी घालून औषध सोडतायत, खालूनही देतायत. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल. फुटलं तर तेवढाही वेळ मिळणार नाही.

सर्जन बाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. त्यांनी विचारलं, "जुलाब बंद करायचं काही दिलं होतं का? दुकानातलं, घरगुती, काहीही?" मी नाही म्हटलं. उर्सुला सिस्टर फाईल लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला.

आत जाताना झगा आणि हातमोजे घालायचे. बाटलीतलं जेल चोळलं तर सिस्टर ओरडतात. या जंतूला ते लागू पडत नाही, साबण-पाणीच हवं. काल गावातून टेम्पो भरून माणसं नारळ, बिस्किटं घेऊन आईला बघायला आली. त्यांना दारातच थांबवलं. वीस माणसं जिन्यात गप बसून राहिली आणि संध्याकाळी परत गेली. एकानेही कुरकुर केली नाही.

तेजूताई

---

हिंदी महासागर,
१५ फेब्रुवारी

ताई,

तू म्हणतेस दिल्या नाहीत. ठीक आहे.

पण दिल्या असतील तर मला सांगू नकोस. मला जे सांगितलंस तेच राहू दे, मी ते धरून बसेन. सर्जनला मात्र खरं सांग. हे वाचून झाल्या झाल्या जा आणि सांग. आतडं आजाराने थांबलंय की गोळीने, यावर थांबायचं की कापायचं हे त्या ठरवत असतील. किंवा नसतीलही. मला औषधातलं काही कळतं असं आता कुणी समजू नका, मी तर नाहीच समजत.

त्या तुला बोलतील म्हणून गप राहू नकोस. माझं नाव सांग. भावाने लिहिलं होतं, भाऊ जहाजावर औषधं देतो, म्हणून विश्वास ठेवला, असं सांग. ते खरंच आहे. माझं पत्र दाखव.

पुढच्या जमिनीला अजून तीन आठवडे आहेत. मी पोहत येऊ शकत नाही. आई जाता कामा नये, ताई.

धनेश

---

केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला,
१८ फेब्रुवारी

ताई,

तीन दिवस तुझं काही नाही. मेल आली की कॅप्टन आता स्वतः खाली येऊन मला सांगतो. आज तो आला आणि नुसता खांद्यावर हात ठेवून गेला. सिप्रियन रोज संध्याकाळी आईच्या नावाने रोझरी म्हणतो. मी बाजूला बसतो. मला त्यातलं काही येत नाही.

एकच शब्द लिही.

धनेश

---

विरार,
१९ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

आई आहे. हे पहिलं वाच आणि मग श्वास घेऊन पुढचं वाच.

पंधरा तारखेला सकाळीच तिचा रक्तदाब पडायला लागला. सर्जन बाईंनी बाबांना आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की आता थांबण्यात धोका जास्त. मोठं आतडं जवळजवळ सगळं काढावं लागेल. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावणार, शौच त्या पिशवीत होणार. पुढे काही महिन्यांनी जोडता येईल कदाचित, आज वचन देता येत नाही. ऑपरेशनमध्येच ती जाऊ शकते हेही सांगितलं. मी एकावर एक प्रश्न विचारत होते. बाबांनी एकच विचारला. "मंग ती जेवल का?" बाई म्हणाल्या, जेवेल. बाबा म्हणाले, "मंग काढा." आणि सही केली.

साडेतीन तास लागले. नंतर दोन दिवस श्वासाचं मशीन, मूत्रपिंडांचा घोळ, कितीदा तरी रक्त चढवलं. त्या दिवसांत मला लिहिणं शक्य नव्हतं. मेल उघडून तीन वेळा नुसतं तुझं नाव लिहिलं.

सर्जनशी जे बोलायला हवं होतं ते मी बोलले. तुझं पत्र यायच्या आधीच, चौदाच्या संध्याकाळी. मी बेसिनवर हात धूत होते, पाच मिनिटं झाली तरी धूतच होते. उर्सुला सिस्टरने नळ बंद केला आणि म्हणाल्या, "चला, मी सोबत येते." त्या बाईंना मी नाही नाही ते म्हटलं होतं. सर्जन बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, आता सगळं नीट जुळतं, आणि तिथल्या तिथे औषधं बदलली. आदल्या दिवशी कळलं असतं तर आतडं वाचलं असतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, याचं उत्तर कुणाकडे नसतं. तुला मी जे लिहिलं होतं ते तू तसंच धर.

काल श्वासाची नळी काढली. आईने मला तेजू म्हणून ओळखलं, बाबांना ओळखलं. मग तिचा हात पोटावर गेला. पिशवी लागली. तिने चादर वर करून पाहिलं आणि पुन्हा नीट पांघरून घेतली. तेव्हापासून ती बोलत नाही. खात नाही. पिशवीला हात लावायला गेलं की माझं मनगट धरते, आणि अशा अवस्थेतही तिची पकड सोडवत नाही. डॉक्टर म्हणतात जीव वाचला, आता तिने जगायचं मनावर घ्यायला हवं. माझ्या हातात ते नाहीये, धनेश. मी तिच्याशी बोलून थकले.

तेजूताई

---

विरार,
२७ फेब्रुवारी

(मामा, आजी जसं बोलली तसंच मी लिहिलंय. आईला बाहेर पाठवलंय. आर्या.)

धनेशा,

मी पुतलाबाय. मी जिती हाय. आज अर्धा वाटी भात खाल्ला, वरनाबरोबर. मासा मना देत नाय अजून.

तुजी बहीन तुज्याशी खोटा बोलली. डबा गावला व्हता. तुजा बापूस पयल्या धडाक्यात घेऊन आला व्हता. तेजूनी मना दोन गोल्या दिल्या, मंग एक दिली. ती तेवढ्यावर थांबली. मी नाय थांबली. ती चाय प्यायला गेली तवा तिच्या पर्समधून पाकीट काढला न् उरलेल्या सगल्या घेतल्या, एकावर एक. मना वाटला, तेवढ्यानी एवढा बरा वाटतंय तर आनखी घेतल्या तर तो साफ करनारा मामा परत यायचाच नाय. ह्ये कोनालाच म्हायती नव्हता. मी शुद्धीवर नव्हती, सांगनार कशी. काल तेजूला सांगला. आदी ती माज्या गल्यात पडून रडली, मंग एवढी ओरडली का शेजारच्या खाटेवरची बाय उठून बसली. तेजूला वाटत व्हता तिनीच आईला मारला. पंदरा दिस पोरगी ता उरावर घेऊन फिरत व्हती.

तुला ह्ये कशाला सांगतंय? तू तिकडं पान्यावर एकला. तुला खोटा सांगून झोपवायचा मना पटत नाय. गोल्या तुज्या, दिल्या तेजूनी, खाल्ल्या मी. आता तिगांनी वाटून घ्यायचा. एकल्यानी घेतला तर तो खचल.

दुसरा. पिशवी. मी कोनाला हात लावू देत नव्हती, तर उर्सुला आली न् माज्या खाटेवर बसली. म्हनाली, "तुमी हात लावू नका न् लावू पन देऊ नका. पन मंग तिसरा रस्ता मना सांगा." मी पोटावरला हात काढला. आता ती बदलते. पन सोमवारी घरी सोडनार. घरी कोन? माजा काटा लागलेला अंगठा अजून धड वलत नाय, चिमटीत काय धरत नाय. तुज्या बापसाचे हात कापतान. तेजूची शाला, न् आचोल्यावरून ती रोज किती येनार. पगारी बाय मना नको. ह्याचाच इचार करतंय दिसभर. खरा सांगू, घरी जाऊच नये असा वाटतंय.

तरी तुला एक सांगतंय. तुज्या गोल्यांनी एक दिस मी मानसासारखी बसली, केस विंचरले. ता खोटा नाय. तू मना बरा वाटावा म्हनूनच लिवला व्हता, ह्ये मना ठावं हाय.

जेवत जा.

तुजी आई

---

दक्षिण अटलांटिक,
१ मार्च

आई,

हे पत्र आर्याने तुला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. ताईने ऐकलं तरी चालेल, ऐकावंच.

मला माहीत होतं. मी दहा तारखेला गोळ्या दे म्हणून लिहिलं आणि ताईचं पुढचं पत्र आलं की काल दुपारपासून जुलाब थांबले. मी रोज ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढणारा माणूस आहे, मला दोन तारखा जुळवता येणार नाहीत का? ताईने डबा सापडला नाही असं लिहिलं तेव्हाच मला कळलं की सापडलाय. पण मला ते खोटं हवं होतं. ते मी तिच्याकडून मागून घेतलं. ते नसतं तर मी ब्रिजवर उभा राहू शकलो नसतो. म्हणजे पंधरा दिवस तिने दोघांचं ओझं उचललं आणि मी मजेत खोटं पांघरून झोपलो. ताई, याबद्दल मी तुझी माफी मागतो. आयुष्यात पहिल्यांदा मागतोय, जपून ठेव.

आई, मला तुझी लाज वाचवायची होती. तू परक्या माणसापुढे तशी पडलीस हे मला सहन झालं नाही, म्हणून मी कुणाला न विचारता औषध सांगितलं. तुझा जीव धोक्यात आहे हे समोर लिहिलेलं असताना मी तुझ्या लाजेकडे बघत बसलो. ही माझी चूक. तिघांत वाटायची म्हणतेस तर वाटू, पण मोठा वाटा माझा.

कॅप्टनशी बोललो. ब्राझीलच्या बंदरात माझ्या जागी दुसरा माणूस येतोय. आठ तारखेला मी उतरतो, अकराला घरी असेन. तोवर आठवडाभर ताईने रजा काढावी आणि तू तिला हात लावू द्यावास. आठवडाभरच.

अकरापासून पिशवी मी बदलणार. पुस्तकात त्याची तीन पानं आहेत, या वेळी तिन्ही वाचली, चौकटींसकट. नुसतं वाचून येत नाही म्हणून ताईचं पिशवीचं पत्र आल्यापासून सिप्रियनच्या पोटावर प्लास्टिकची पिशवी चिकटवून मी रोज दुपारी सराव करतो. तो तिच्यात पेज भरतो आणि खाटेवर आडवा पडून मला शिव्या देतो. पहिल्या दिवशी सगळी पेज त्याच्या पँटवर गेली. काल एक थेंबही सांडला नाही. तो म्हणतो, माझी कातडी सोलून निघाली पण तुझी आई आता सुखरूप आहे.

तू नको म्हणशील. मुलाने आईचं हे करायचं नसतं म्हणशील, गाव काय म्हणेल म्हणशील, दाराला आतून कडी लावशील. सगळं कर. मी दारात बसून राहीन, मला पहाऱ्याची सवय आहे. आई, मी तुला विचारत नाहीये.

धनेश